डोलकाठी आधी दिसते

कल्याण, पौष शुद्ध पंचमी, शके १८०६

तीर्थरूप मामांचे चरणी मधूचा साष्टांग नमस्कार. आपला दमा आणि मामींचा गुडघा (तोही थंडीतच बोलतो) कसे आहेत ते कळवावे. आपली भाचेसून चार दिवस माझ्याशी बोलत नाही, तेवढे सोडल्यास येथे क्षेम आहे.

मागल्या साली शाळाखात्याने मला पुण्यास शिकायला धाडले होते. तिथून मी नवी रीत घेऊन आलो: मुलांस सांगू नये, विचारावे, त्यांनी पाहून, ताडून उत्तर स्वतः काढावे. रीत चांगली आहे. (ती वापरू नये, एवढेच कोणी सांगितले नाही.) पहिल्याच महिन्यात काळुराम नावाच्या विद्यार्थ्याने आठ दिवस अंगणातल्या खुंटाची सावली मोजली आणि शाळेचे घड्याळ वीस मिनिटे मागे आहे असे सिद्ध केले. ते घड्याळ हेडमास्तर स्वतः लावतात. तेव्हापासून तेही माझ्याशी बोलत नाहीत.

पुढे भूगोलात पृथ्वीचा धडा आला. पृथ्वी वाटोळी आहे, कारण दुरून येणाऱ्या गलबताची डोलकाठी आधी दिसते व बूड मागाहून, असे पुस्तकात आहे. मी म्हटले, खाडी हाकेवर आहे, जाऊन पाहा. मुले आठवडाभर धक्क्यावर बसली. मचवे आले, डोलकाठी आधी दिसली, मी समाधानाने धडा मिटला. मुलांनी मात्र मिटला नाही.

मग वार्षिक परीक्षेस शाळा तपासणारे डिपोटीसाहेब आले. पृथ्वी वाटोळी कशावरून, हा त्यांचा पहिलाच प्रश्न. (पुस्तकातले वाक्य सगळ्यांना पाठ होते, मामा, हे शपथेवर सांगतो.) पण उठला तो गणू. हा मिठागरावरच्या आगऱ्याचा मुलगा, वर्गात सर्वांत हुशार. तो म्हणाला, "सायेब, डोलकाठी पैली दिसते ती तिवरांचे झाडीमुलं, बूड तिचे आड ऱ्हातं. तिवरां नाय तिथं आख्खा मचवा एकदम दिसतो. तुमी पायलंव का?"

साहेबांनी पाणी मागवले. ते हेडमास्तरांनी स्वतः आणून दिले आणि मग बराच वेळ ते साहेबांच्या कानाशी लागले होते. चौथ्या दिवशी माझ्या बदलीचा हुकूम आला: मोखाडे. आपण खात्याच्या कचेरीत तीस वर्षे आहात, तेव्हा वर्तमान कळवावे म्हणून लिहिले. हुकूम तो हुकूम, माझी काही तक्रार नाही. मामींस नमस्कार सांगावा.

आपला आज्ञाधारक,
मधु

ता. क. तक्रार आहे. मोखाड्यास हिवताप फार, आणि आमचे धाकटे अजून अंगावर पिते. मला त्याची भीती वाटते. आपल्या शब्दाने हुकूम फिरेल तर फिरवावा.

पुन्हा ता. क. मात्र फिरवून पुन्हा कल्याणास आणू नये, अलिबागेस करावा. अकरा वर्षे मी ते डोलकाठीचे वाक्य शिकवतो, आणि उघडा समुद्र अजून पाहिलेला नाही. कचेरीत हे कारण सांगू नये. मला खारी हवा मानवते म्हणावे. तिथेही गलबत सगळेच एकदम दिसले, तर खात्यास काही कळवणार नाही. गणूला मात्र पत्र घालीन.