पूल टेबलाच्या रबरपट्ट्या व इतर मालमत्ता

मी, भाऊराव लहानू सोनोने, वय चौऱ्याहत्तर, सेवानिवृत्त मुख्य लिपिक, राहणार राजेंद्र नगर, इंदूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या महिन्यात माझं छातीचं ऑपरेशन आहे. डोकं मात्र ठिकाणावर आहे, शेजारच्या डॉ. पूर्णिमा भागवत यांनी आज सकाळीच तशी खात्री करून घेतली. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. पत्नी गयाबाई एवढंच म्हणाली, "लिहायचंच असेल तर नीट बसून लिहा, मांडीवर कागद घेऊन नको." म्हणून हॉलमधल्या पूल टेबलावर प्लाय टाकून लिहीत आहे. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर गयाबाई हिला पूर्ण मालकीहक्काने मिळावं. तिच्या पश्चात मुलगा अश्वजित व मुलगी मैत्री यांचा समान वाटा. वरच्या खोल्या कोचिंगच्या मुलांना द्यायच्या की नाही, हे गया ठरवेल. अश्वजितने ते बंगळुरूहून फोनवर ठरवू नये.

२. बँकेतल्या ठेवी गयाबाईच्या. किती आहेत ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

३. फाटकापुढची जागा हा सदर मिळकतीचाच भाग समजावा. शेजारी नानासाहेब तिथे स्वतःची गाडी लावतात. माझा त्यांच्यावर राग राहिलेला नाही, पण परवानगीही दिलेली नाही.

४. हत्यारांची पेटी, लेव्हल तपासायच्या काचेच्या नळीसकट, मैत्रीला. ती वस्तू वापरून जागेवर ठेवते. अश्वजितच्या मनाला हे लागेल, पण खरं आहे.

५. पूल टेबल. याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

माझे वडील महूला फौजेत शिपाई होते. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये बिलियर्ड्सचे गुण मांडायचं काम त्यांच्याकडे असे. खेळायची मुभा नव्हती. एकदा मोडलेली स्टिक मेसने फेकून दिली, ती त्यांनी घरी आणून तार गुंडाळून जोडली आणि मला अंगणात लिंबांवर नेम धरायला शिकवलं. निवृत्त झाल्यावर मी बंद पडलेल्या एका पूल पार्लरमधून हे टेबल आणलं. गया पंधरा दिवस बोलली नाही. नंतर तिने त्यावर पापड वाळत घातले आणि विषय मिटला.

टेबलाच्या कडांना आतून रबराच्या पट्ट्या असतात. चेंडू त्यांवर आपटून परत येतो. आमच्या पट्ट्या जुन्या होऊन लाकडासारख्या झाल्या. चेंडू ठक् करून तिथेच मरायचा. गयाचा धाकटा आणि एकुलता भाऊ संताजी तायडे याचं सांवेरला मोटारसायकल व ट्रॅक्टरच्या सीट शिवायचं दुकान आहे. तो म्हणाला, "दाजी, रबर, कापड अन् गोंद, यात मला कोणी शिकवू नये." नऊ वर्षांपूर्वी त्याने नव्या पट्ट्या लावून दिल्या. काम देखणं होतं, कापडाला एक सुरकुती नाही.

पहिलाच चेंडू पट्टीवर आदळला, उडाला आणि शोकेसच्या काचेतून आत गेला.

अश्वजित तेव्हा कॉलेजात होता. तो म्हणाला, "मामा, सच्ची बोलू? तुम्ही रबर उलटं चिपकवलंय."

"वा भिया! फर्शी तुमची तिरपी, अन् रबर माझं उलटं?" संताजी न जेवता उठला. तेव्हापासून तो या घरात आलेला नाही, अश्वजितच्या लग्नालासुद्धा. गया सांवेरला जाते, भावाला भेटते आणि बसने परत येते. मी त्याला फोन केला की तो एकच विचारतो, "रबर बरोबर आहे ना, आधी ते बोला." बरोबर नसताना बरोबर आहे असं माझ्याने म्हणवत नाही. आजही आमच्या घरी चेंडू जमिनीवर पाडेल त्याने सगळ्यांचा चहा करायचा, असा नियम आहे.

अश्वजित म्हणतो, "पप्पा, कारागीर ऑनलाइन बुक करतो, दो घंटे का काम है." मी नको म्हणतो. कारागीर पट्ट्या बरोबर लावील, पण मग संताजीला या घरी यायला कारणच उरणार नाही. उद्या मी नसलो, तर गयाला हक्काने हाक मारायला माहेरचा एवढाच माणूस आहे, आणि तो उंबऱ्याबाहेर आहे.

म्हणून लिहून ठेवतो. नव्या पट्ट्या आणून माळ्यावर ठेवल्या आहेत. त्या संताजीनेच लावाव्यात. तोवर टेबल विकू नये, हलवू नये, दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नये. जुन्या पट्ट्या उघडताना त्याच्याजवळ कोणी उभं राहू नये व नंतर काही विचारू नये. हॉलची फरशी खिडकीकडे उतरती आहे, हे मी लेव्हल लावून पाहिलं आहे आणि इथे लेखी मान्य करतो. फरशीबद्दल त्याचं म्हणणं बरोबर होतं.

६. वडिलांची तार गुंडाळलेली स्टिक वरील काम झाल्यावर संताजी तायडे यास द्यावी.

७. अंत्यविधी त्रिशरण-पंचशील घेऊन साधेपणाने करावा. आलेल्यांना पोहे व चहा द्यावा. भाषणं नकोत, मी कार्यालयात पुष्कळ ऐकली आहेत.

दुरुस्ती, त्याच दिवशी, सायंकाळी.

दुसरे साक्षीदार म्हणून नानासाहेबांना विचारलं होतं. कलम ३ कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं असावं. ते आले नाहीत. मला न विचारता गयाने सांवेरला फोन लावला. "संता, दाजी मृत्युपत्रावर सही करून राहिलेत. साक्षीदार कमी पडतोय."

तो दुपारच्या बसने आला. खांद्याला हत्यारांची पिशवी होती. दारातच "जयभीम दाजी" म्हणाला आणि चपला काढून सरळ टेबलापाशी गेला. मग म्हणाला, "सही नंतर. आधी टेबल."

आम्ही स्वयंपाकघरात जाऊन बसलो. हॉलमधून पेचकसाचा आवाज येत होता. मग तो थांबला. बऱ्याच वेळाने संताजी काढलेली पट्टी हातात घेऊन दारात आला.

"रबराचा उतार वर ठेवला होता, दाजी, तो खाली पाहिजे. सीटला तसाच ठेवतो. पावसाचं पाणी उतरायला पाहिजे ना."

"हॉलमध्ये?" गया म्हणाली.

"आता तू सुरू नको होऊ, ताई."

ती हसली आणि पदराने डोळे पुसत हसतच राहिली. मी त्याला फरशीबद्दलची ओळ वाचून दाखवली. तो म्हणाला, "बघा, मी बोललो होतो," आणि माळ्यावरच्या पट्ट्या मागितल्या.

सहीच्या वेळी डॉक्टरांनी लक्षात आणून दिलं की साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये, पुढे वाद होतात. सबब कलम ६ रद्द. स्टिक आज संताजीच्या हातात दिली. कलम ५ मधल्या अटींचीही आता गरज नाही, परंतु मजकूर खोडलेला नाही. अश्वजितने तो वाचावा. बाकी सर्व कलमं कायम.

पाच पट्ट्या लागल्या आहेत. सहावीचा गोंद रात्रभर वाळवावा लागतो, असं संताजी म्हणतो.

येणेप्रमाणे लिहून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

स्थळ: इंदूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

(सही) भाऊराव लहानू सोनोने

साक्षीदार:

१. (सही) डॉ. पूर्णिमा भागवत, राजेंद्र नगर, इंदूर

२. (सही) संताजी किसन तायडे, राहणार सांवेर, आज मुक्काम बहिणीकडे