लॉनच्या पलीकडचं गवत

सर, रविवारी आमच्या सोसायटीत गवतावर मतदान झालं. शेंद्र्याकडच्या रस्त्याला आमच्या इमारती आहेत. त्यांच्यामागे बिल्डरच्या नजरेतून सुटलेला एक कोपरा उरलाय आणि तिथं जुन्या माळाचं गवत अजून तग धरून आहे. पवन्या, मारवेल, कुसळी, मधूनमधून रानमूग. पुढच्या बाजूला अध्यक्षांनी हौसेनं लावलेलं लॉन. ठराव असा, की कोपरा जेसीबीनं साफ करून तिथंही लॉनच अंथरायचं. मी विरोधात उभी राहिले. सगळी नोकरी वर्तमानपत्रात, दुसऱ्यांच्या बातम्या छाटण्यात गेली. सभेत बोलायची सवय नाही. उभी राहिले तेव्हा एकटीच होते.

तुमची फार आठवण आली. म्हणजे तुमच्या लाकडी चौकटीची. डोळे मिटून ती खांद्यावरून मागं भिरकावायची आणि पडेल तिथलं गवत ओळखायचं, ही तुमची पद्धत. डोळे उघडे ठेवले की माणूस ओळखीचंच गवत निवडतो, म्हणायचात. गायरानात आम्ही बीएस्सीच्या पोरी उभ्या आहोत, तुम्ही चौकट फेकता आणि ती जाऊन म्हशीच्या शिंगात अडकते. म्हैस पुढं, तुम्ही मागं, आणि गुराखी ओरडतोय, "ओ मास्तर, जनावराला हार कामून घालता?" धापा टाकत परत आलात ते एवढंच म्हणत, "म्हैस चरत कशी गेली बघितलं का? एका गवतावर नाय थांबली." मी विचारलं, पण सर, इतकी गवतं हवीत कशाला, एक चांगलं असलं की झालं. तुम्ही म्हणालात, "पोरी, बजाजनगरात, कामगारांच्या वस्तीत जाऊन बघ. बाप, चुलता, दोन्ही पोरं एकाच कंपनीत असली, की कंपनी बंद पडल्यावर चूल बंद. एक कंपनीत, एक शेतात, एक रिक्षावर असला की घरात भांडणं लई, पण भाकर रोज."

सभेत मी हेच सांगितलं. ऑगस्टात पावसानं ओढ दिली तेव्हा लॉनचा पापड झाला. कोपऱ्यातही काही गवतांनी माना टाकल्या, पण खोल मुळांची उभी राहिली. पाऊस परतला तशी मरगळलेलीही फुटली. तेवढ्या दिवसांत तिथली माती कुठं उघडी पडली नाही.

"मॅडम, भाषण एकदम झक्कास," अध्यक्ष म्हणाले. "पण तिथं साप हायेत."

"दाखवा."

अध्यक्ष इस्त्रीच्या पांढऱ्या पायजम्यात कोपऱ्यातल्या गवतात शिरले. साप मिळाला नाही. बाहेर आले तेव्हा गुडघ्यापर्यंत कुसळं. वरच्या गॅलरीतून त्यांच्या बायकोनं सगळं पाहिलं होतं. "तसल्या अवतारात घरात पाऊल टाकायचं नाय, सांगून ठेवते!"

मग अध्यक्ष बाकावर बसले. कुसळ कापडात पिळा घालून शिरतं, घाई केली की तुटतं, त्यामुळे त्यांना उठता येईना. मी शेजारी बसून एका पायाची कुसळं काढायला घेतली आणि तुमचा अख्खा धडा त्यांना ऐकवला. गंमत बघायला बाकीचेही थांबले.

"म्हणजे हे टोचणारंबी कामाचं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"ओढीत उभं होतं त्यातलं हे एक."

त्यांनी पायजम्यातलं एक कुसळ अलगद सोडवून घेतलं. "राहू द्या मग. पण पाटी लावा, कुठलं गवत कोणतं ते. लोकांना वाटलं पाहिजे, मुद्दाम ठेवलंय." हात वर झाले. जेसीबीवाल्याला नको म्हणून कळवलं.

पाटी दोनच दिवसांत लागली. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून सांगते. त्यातलं एक गवत मला ओळखता आलं नाही. रंगारी ब्रश धरून खोळंबला होता आणि तुम्हाला विचारायची सोय नव्हती. मी त्या गवतापुढं तुमचं आडनाव लिहून दिलं. अध्यक्ष आता येणाऱ्या पाहुण्यांना तेच सगळ्यांत दुर्मिळ म्हणून दाखवतात, आणि मी अजून दुरुस्ती केलेली नाही.