घंटा न ऐकू आलेल्या माझ्या ताईला बाहेर आणण्याबाबत

प्रति,
मा. वनक्षेत्रपाल,
वनक्षेत्र कार्यालय
(खिडकी क्र. ३ मार्फत)

विषय : नोंदवहीप्रमाणे बाहेर आलेली, परंतु प्रत्यक्षात जंगलातच असलेली माझी मोठी बहीण शोधण्यासाठी आजच्या आज फाटक उघडण्याबाबत.

संदर्भ : आज सकाळी खिडकीवर केलेली आणि "लेखी आणा" म्हणून परत पाठवलेली तोंडी विनंती.

महोदय,

१. मी आपल्याच कार्यालयाचा परवानाधारक वनोपचार मार्गदर्शक आहे. दमलेल्या माणसांना मी जंगलात सावकाश चालवतो, एकेकाला झाडाजवळ शांत बसवतो आणि वीस मिनिटांनी पितळी घंटा वाजवून परत बोलावतो. सहा वर्षांत माझ्याविरुद्ध एकही तक्रार नाही.

२. काल रविवारी सकाळच्या फेरीत अकरा जण होते आणि बारावी माझी ताई. ताई एकतीस वर्षे शाळेत शिपाई होती. तास सुरू झाल्याची आणि संपल्याची घंटा तीच देत असे. निवृत्त झाल्यापासून तिला धड झोप नाही, म्हणून मीच तिला आग्रह करून आणले. गर्दी नको म्हणून तिला ओढ्यापलीकडे बसवले आणि "घंटा होईपर्यंत उठायचं नाही हं, ताई," असे बजावले. ओढ्याच्या आवाजात घंटा पलीकडे ऐकू जात नाही, हे माझ्या ध्यानात आले नाही.

३. चूक माझी आहे, ती लपवत नाही. माणसे मोजली की त्यांना शाळेच्या सहलीला आल्यासारखे वाटते, म्हणून आम्ही बसायला दिलेली बसकरे मोजतो. अकरा दिली, अकरा परत आली. ताईने बसकर घेतलेच नव्हते. शिवाय फेरीनंतरची शांतता कागदपत्रांनी मोडू नये, म्हणून बाहेर आल्याची सही आम्ही आत जातानाच घेऊन ठेवतो. ताईचीही घेतली. ती कुणाच्या तरी गाडीतून घरी गेली असेल असे मी धरून चाललो. संध्याकाळी तिला फोन लावला, तो आत जाताना सगळ्यांचे सामान जमा करून घेतात त्या फाटकावरच्या पेटीत वाजला आणि पहारेकऱ्याने उचलला.

४. पहारेकऱ्याचे म्हणणे, सही आहे म्हणजे बाई बाहेर आहेत. आपल्या लिपिकांनी नोंदवही दोनदा तपासली आणि ताईच्या फोनची नोंद 'विसरलेली वस्तू' अशी केली. पोलीस चौकीत सांगितले की जंगल त्यांच्या हद्दीत येत नाही. आज सोमवार, कार्यालय उघडे पण जंगल साप्ताहिक बंद. निदान कुंपणाबाहेरून हाका मारू द्या म्हटले, तर शांतता क्षेत्रात आरडाओरडा केल्यास परवाना रद्द होतो, असा नियम दाखवण्यात आला. महोदय, परवाना खुशाल रद्द करावा.

५. तिची रक्तदाबाची गोळी आणि चष्मा त्याच पेटीत आहेत. अंगावर पातळ स्वेटर आहे. भीती वाटली की श्वास मोजा, पाय जमिनीवर घट्ट टेकवा, असे मी आजवर शेकडो लोकांना शिकवले. सकाळपासून आपल्या बाकावर बसून मी तेच करतो आहे आणि उपयोग होत नाही. मला फार भीती वाटते आहे. ताई वाट चुकणारी नाही. मी बसवले तिथेच ती अजून बसलेली असेल, याचीच धास्ती आहे. घंटेआधी ती जन्मात कधी उठलेली नाही.

६. तरी फाटक उघडून सोबत दोन वनरक्षक द्यावेत, ही कळकळीची विनंती. अकरा वाजेपर्यंत उत्तर न आल्यास मी कुंपणावरून आत जाणार आहे आणि ओढा ओलांडून ताई दिसेपर्यंत घंटा वाजवत राहणार आहे. त्याबद्दल होईल ती शिक्षा मान्य आहे.

आपला नम्र, आणि आपल्याच दाराबाहेर बसलेला,
(सही)
वनोपचार मार्गदर्शक, परवाना क्र. १४
सोमवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे

सोबत :
१) मूळ परवाना.
२) ताईचा फोटो, निवृत्तीच्या दिवशी शाळेच्या घंटेखाली काढलेला.
३) नोंदवहीचे आजचे पान. आत गेल्याची माझी सही केलेली आहे. बाहेर आल्याची या वेळी आधी केलेली नाही.