झाकलेला निकाल

प्रिय फादर,

"बौद्धाच्या पोरीनं चर्चचा जुना इतिहास काहून शिकावं?" हा मामाचा प्रश्न. तुम्ही असता तर तुम्हालाच विचारलं असतं. नाहीत, म्हणून लिहिते आहे.

मामा अकोल्याहून खास आला होता. "तलाठ्याचा क्लास लावून देतो तुले. घरातली पहिली ग्रॅज्युएट तू, अन् पाद्र्यायच्या भानगडी वाचून राहिली?" आईचं म्हणणं त्याहून साधं. "फादर गेले. आता तुले लॅटिन शिकवन कोन?"

खरंच, कोण शिकवणार? आजार लपवलात तो लपवलात, निदान पुढचे धडे तरी कोणाकडे सोपवायचे होते!

अमरावतीतली तुमची खोली आठवते. मध्ययुगात धर्मद्रोहाच्या आरोपावरून चर्चच्या न्यायालयापुढे उभ्या केलेल्या माणसांच्या जबान्या तुम्ही लॅटिनमधून मराठीत उतरवायचात. मला वाचायला देताना खालचा निकाल एखाद्या जुन्या लग्नपत्रिकेनं झाकायचात. "आधी माणसाचं ऐक. निकाल तू दे." एका विणकराच्या विधवेची जबानी वाचून मी तिला निर्दोष सोडलं होतं. पत्रिका उचलली, तर खाली 'दोषी'. पुढे तिला जाळलं. "माझ्या चर्चनं चूक केली," तुम्ही म्हणालात. शेजारी दोन फादर चहा पीत बसले होते. तुमचा आवाज जरासुद्धा खाली आला नाही.

आणि शोकसभेत तुम्हाला 'कधी कोणाला न दुखावणारे' म्हणाले. मी उठून हीच गोष्ट सांगितली. काही जण नाराज झाले. होऊ देत.

काल मामापुढे तीच जबानी ठेवली, निकाल झाकून. चष्मा लावून त्यानं सगळी वाचली. "हिनं काय बिघडवलं कोनाचं? सोडा तिले." मी पत्रिका उचलली. त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला.

मग म्हणाला, "हे शिकून नोकरी लागन का?"

"माहीत नाही."

तुम्हाला मात्र एक शब्द देते, फादर. निकाल तुमच्या चर्चचा असो की आमच्या घरातला, मी तो झाकूनच वाचीन, आणि चुकलेला दिसला तर आवाज खाली आणणार नाही.

"मंग क्लासवाल्याले काय सांगू?" मामानं विचारलं.

"नाही म्हणून सांग. एम.ए.ला इतिहास घेतला मी. सकाळीच प्रवेश घेऊन आले."

तुमची विद्यार्थिनी,
प्रज्ञा