निवांत शहराचं पोस्टर

१४ मार्च

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या पर्यटनाच्या ऑफिसने आमच्या शहराचं नाव ‘निवांत शहर’ ठेवल्यापासून इथे कुणालाही क्षणाची उसंत नाही. पाहुणे यावेत म्हणून आपली अख्खी पेठ निळी करून टाकली. दारं, खिडक्या, पायऱ्या, काही सोडलं नाही. शिंपीणकाकू म्हणते, तिचं मांजर तेवढं पळालं म्हणून वाचलं! सकाळी चहाचा कप घेऊन दारात यावं तर फोटोवाले उभेच. परवा एकाने मला जरा बाजूला व्हायला सांगितलं. माझ्याच दारातून, बोल आता!

हसू नकोस, रडायची वेळ पुढेच आहे. तात्यांचं डोकं हल्ली दगा देतं हे तुला ठाऊक आहे, पण हिरवं दार ते आपलं, एवढं पक्कं होतं. त्या खुणेवर रोज फिरून एकटे परत यायचे. आता सगळीच दारं निळी. परवा दुपारी गेले ते आलेच नाहीत. माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी तिसऱ्या गल्लीत कुणाच्या तरी पायरीवर सापडले.

मी दार पुन्हा हिरवं करायला गेले तर पालिकेचा साहेब म्हणतो, परवानगी नाही. तू तुझ्या साहेबांकडे शब्द टाक. मी दुपारी शाळेत असते. बापाला कोंडून जायचं माझ्या जिवावर येतं रे.

उत्तराची वाट बघते.
तुझी ताई

२२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून जीव खालीवर झाला. साहेबांशी बोललो. ते म्हणाले, एका दाराला सूट दिली की उद्या सगळे रांग लावतील, हंगाम संपल्यावर बघू. तोवर दारावर ओळखीचं काही टांगून बघ ना. मला इथे बसून बोलायला काय जातं, असं तू म्हणशील. म्हण. पण हे माझं पहिलं मोठं काम आहे, आत्ताच वाद घातला तर ते हातचं जाईल.

एक आनंदाची बातमी. माझं पोस्टर पास झालं! फोटोंचा ढीग आला होता, त्यातून हा मीच निवडला. निळ्या पायरीवर एक म्हातारा, मान खाली, दोन्ही हात मांडीवर. साहेब म्हणाले, निवांतपणा म्हणतात तो हाच. तुमच्या बसस्टँडवर लागेल, बघून कळव.

तात्यांना नमस्कार. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा,
ठोंब्या

३ एप्रिल

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

टांगलं होतं. माझी लाल ओढणी टांगली. फोटोवाल्यांना ती इतकी आवडली की दारापुढची गर्दी दुप्पट झाली, आणि तात्या गर्दी बघून मागे फिरले. मग काल मी कुणालाही न विचारता दार हिरवं केलं. शिंपीणकाकूने स्टूल धरलं. पालिकेला काय करायचं ते करू दे.

पोस्टर पाहिलं. त्या म्हाताऱ्याच्या पायांकडे बघितलंस का रे? एका पायात त्याची चप्पल आहे, दुसऱ्यात माझी. ते आपले तात्या आहेत. मी पोचायच्या आधी कुणीतरी काढलाय तो फोटो. निवांत कसले, भेदरून बसले होते. एवढ्या ढिगातून नेमका तोच उचललास आणि तुला आपला बाप ओळखू आला नाही, याचं मला फार वाईट वाटलं. दोन वर्षं आला नाहीस, तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं.

आज औषधं आणायला त्यांना घेऊन गेले तर वाटेत ते पोस्टरपुढे थांबले. मी ओढत होते, पण हलायला तयार नाहीत. बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, हा बिचारा वाट चुकलाय, याच्या मुलाला कुणीतरी कळवायला हवं.

म्हणून कळवते आहे.
तुझी ताई