ते नऊ दिवस

४ मार्च २०२५, मेहकर

मी खोटं बोलले. तेही मोईज वकिलांसमोर — अगदी सहज!

त्यांनी समजावलं. परस्पर संमतीने घटस्फोट हवा तर दोघांच्या सह्या लागतात. माझे यजमान इंद्रभान सही करत नाहीत, नुसतं 'पाहू' म्हणतात. मग उरतं परित्यागाचं कारण — नवऱ्याने सलग दोन वर्षं सोडलेलं हवं. डिसेंबर २०२२ मध्ये ते भावाकडे उंद्रीला निघून गेले. म्हणजे दोन वर्षं भरली.

"मधे कधी राहायला आले होते?"

"नाही."

आले होते. गेल्या ऑक्टोबरात, मला डेंग्यू झाला तेव्हा. नऊ दिवस.

५ मार्च

खरं सांगितलं तर दोन वर्षं ऑक्टोबरपासून नव्याने मोजतील, या भीतीने बोलले. आणखी दीड वर्ष लोकांकडून 'साहेब कुठे असतात?' ऐकायचं? समता पुण्याहून म्हणते, आई, आता मागे फिरू नको. लेकीलाही ते नऊ दिवस सांगितलेले नाहीत.

दवाखान्यात औषधं देताना चुकून एक गोळी जास्त दिली गेली तरी मी पेशंटला रस्त्यातून परत बोलावते. आणि हे?

१३ मार्च

प्रतिज्ञापत्रावर सही केली. त्यात लिहिलंय, ते एकदाही राहायला आले नाहीत.

२ एप्रिल

त्या नऊ दिवसांत ते पातळ खिचडी भरवायचे, चमच्याने. माझे केस विंचरायचे — ओढ बसू नये म्हणून मुळाशी धरून. दहाव्या दिवशी सकाळी म्हणाले, तुझ्या अंगात आता जीव आला, जातो. पिशवी घेऊन दारात उभे राहिले. बराच वेळ.

मी 'थांबा' म्हटलं नाही. मग सोडलं कोणी?

२२ ऑगस्ट

इंद्रभानांची साक्ष झाली. त्यांनी वकील दिलाच नव्हता. न्यायाधीशांनी विचारलं, घर सोडल्यानंतर पत्नीकडे राहायला गेलात?

"नाही साहेब. एकदाबी नाही." माझ्याकडे पाहिलंही नाही.

बाहेर टपरीजवळ गाठलं. शपथेवर खोटं का बोललात, विचारलं.

"तूच लिवलं होतं ना कागदात. भर कोर्टात तुले खोटी पाडू का?" चहा संपवला. जाता जाता — "ताप परत नाही आला ना?"

माझ्या खोट्यात त्यांनाही ओढलं मी.

२५ ऑगस्ट

मोईज वकिलांना सगळं सांगितलं. रागावले. आधीच बोलायचं होतं ताई, आजारपणात येऊन राहिले म्हणजे संसार पुन्हा सुरू झाला, असं कोर्ट सहसा धरत नाही!

मी धरलं होतं.