बारा शून्यं आणि नाचियार्कोविलची सायकलवाट

कुंभकोणम्, बुधवार, दिवेलागण

तीर्थरूप जानकीराम अण्णांच्या पायांशी धाकट्या विजयराघवाचा दंडवत.

तुमचा गुडघा आता वाकतो का? वैनींचा खोकला? त्यांच्या जावेने, कामाक्षीने पाठवलेलं कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं मुरलं असेल, पण डॉक्टरांनी तुम्हाला मीठ बंद केलंय हे ती विसरली, तेव्हा वैनींनीच खावं. आमच्याकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत म्हणून लिहिलं. क्षेम काही नाही. काल दुपारपासून माझ्या घशाखाली ताकभातसुद्धा उतरत नाही आणि कामाक्षी माझ्याशी धड बोलत नाही.

आपल्या कुंभकोणमहून तुमच्या नाचियार्कोविलपर्यंत रस्त्याच्या कडेला हिरवा पट्टा मारून, खांब रोवून सायकलवाट केली, ती तुम्ही पाहिलीच आहे. ती वापरली जाते की नाही यावर लक्ष ठेवायला नागरिकांची समिती नेमली आणि मोजणीचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण चौतीस वर्षं गणित शिकवून रिकामा झालेला माणूस पेठेत मीच. (बाकीचे सभासद फोटोपुरते येतात. चंद्रमौली तर फोटो झाल्यावर आपली खुर्चीही घेऊन गेला.) काम सोपं होतं. गेल्या आठवड्यात सोमवारी आणि बुधवारी सकाळी साडेसात ते साडेनऊ अरसलार नदीच्या पुलापाशी बसायचं. दर पाव तासाला एक चौकोन, त्यात किती सायकली गेल्या तो आकडा. दोन्ही दिवशी दीडशेच्या वर गेल्या तर वाट राहील. नाहीतर खांब उपटून तिथं गाड्या उभ्या करायची सोय होईल. त्या जागेवर मंगलकार्यालयाचे स्वामीनाथ केव्हाचे डोळा लावून बसलेत.

आता हे दिवस कोणी निवडले देव जाणे. सोमवारी साडेसात ते नऊ राहुकाल. बुधवारी साडेसात ते नऊ यमगंड. (मंगळवारची सकाळ स्वच्छ होती, पण मंगळवार कचेरीला मानवत नाही.) नवं काम अशा वेळी आरंभू नये, एवढं माझं मलाच आठवलं. म्हणून मी काय केलं? सव्वासातला जाऊन बसलो. बसणं हे काही काम नव्हे. कागद मांडीवर, पेन्सिल खिशात, हातात कॉफी. माझ्या डोळ्यांदेखत सायकली चालल्या होत्या, अण्णा. पितळी दिव्यांच्या कारखान्यांत जाणाऱ्या बायका, शाळेच्या पोरी, दूधवाले, एक अर्चक ओल्या धोतरात. कितीतरी जण मला वणक्कम करून गेले आणि मीही मान डोलावली. घड्याळात नऊ वाजले तशी पेन्सिल काढली. तोवर कामाला जाणारं सगळं जग कामावर पोचलं होतं. उरलेल्या दोन चौकोनांत सोमवारी नऊ सायकली आल्या, बुधवारी सात. त्या सातांत एक माणूस दोनदा गेला, कारण त्याचं पाकीट घरी राहिलं होतं.

इथवर मूर्खपणा झाला. पुढे केलं ते पाप. रोजचे पहिले सहा चौकोन कोरे राहिले होते. कोरे का, असं कोणी विचारलं तर सरकारी कागदावर राहुकाल लिहायचा? मला लाज वाटली. मी तिथं शून्यं घातली. दोन दिवसांची मिळून बारा, वाटोळी आणि सुबक. न मोजलेलं म्हणजे शून्य नव्हे, यासाठी मी पोरांच्या डोक्यात टपल्या मारलेल्या आहेत.

काल नोटीस लागली. वापर नगण्य, सबब वाट बंद. हरकत असेल तर शुक्रवारी दुपारी बाराच्या आत लेखी द्यावी, त्यानंतर खांब निघतील. पहारी घेऊन एक गाडी कालच पुलाखाली येऊन उभी राहिलीय. मी नोटीस वाचत होतो तेव्हा मागे नागलक्ष्मी येऊन थांबली. ती तुमच्याच गावी दिव्यांना कानस मारायला जाते. तीन वर्षांमागे ह्याच रस्त्यावर बसचा आरसा लागून तिचा खांदा मोडला, नोकरी गेली. ही वाट झाली तेव्हाच घरच्यांनी तिला पुन्हा सायकलवर बसू दिलं. तिने नोटीस दोनदा वाचली. मग म्हणाली, सार, मी दोन्ही दिवस तुम्हाला वणक्कम केला होता, तुमच्या कागदात मी आलेच नाही का?

तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मी तिला तिथंच खरं सांगितलं, आणि मग घरी येऊन कामाक्षीलाही सांगितलं. दुसरं कठीण गेलं.

थोरल्यांचा आशीर्वाद असावा.

तुमचा
विजयराघव

ता. क. : हरकत लिहून ठेवली आहे. पहिले सहा चौकोन मी मोजलेच नाहीत, मोजणी पुन्हा घ्यावी, दोष माझा. पण कचेरीतला माणूस म्हणाला, मोजणीदारच आपला कागद खोटा म्हणतो तर पुरावा द्या. म्हणून साक्षीची सही हवी.

आणखी ता. क. : माझं मलाच आठवलं, असं वर लिहिलंय ते तुमची अब्रू राखायला. सोमवारी सात वाजून दहा मिनिटांनी आणि बुधवारी सात वाजून पाच मिनिटांनी तुमचाच फोन आला होता, नऊच्या आत पेन्सिल हातात धरू नकोस म्हणून. दोन्ही फोन माझ्या मोबाइलात दिसतात. तुम्ही विज्ञान मंडळाचे अध्यक्ष आहात, ग्रह कोणाचं वाकडं करत नाहीत असं शाळाशाळांतून सांगता, हे मी जाणतो. म्हणूनच तुमच्या सहीला वजन आहे. मजकूर सोबत जोडलाय, दोनच ओळी. काल रात्रीपासून तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र.

शेवटचं ता. क. : पत्र गुरुवारी सकाळी नागलक्ष्मीच्या हाती येईल. म्हणजे तुम्ही हे वाचत असताना ती दारात उभी आहे. तिला सगळं ठाऊक आहे. साडेआठला तिला कारखान्यात पोचायचं असतं आणि सही घेतल्याशिवाय ती हलणार नाही, तेव्हा वैनींना आधी तिच्यासाठी कॉफी टाकायला सांगा.